एलोन मोरे : निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला, पण पुढचं पान छापायचं राहिलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात वेस्ट बँकवर पानभर मजकूर आला होता, तो मी दोनदा वाचला, आणि त्यात खाली चौकटीत चार ओळी होत्या की १९७९ साली इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने एलोन मोरे ही ज्यू वसाहत बेकायदा ठरवून हटवली आणि जमीन पॅलेस्टिनी शेतकऱ्यांना परत मिळाली. चार ओळींपैकी एकही खोटी नाही. पण एवढंच छापलं तर वाचणाऱ्याला वाटतं की प्रकरण तिथेच मिटलं, आणि ते मिटलं तर नाहीच, उलट पुढची सगळी गडबड तिथूनच सुरू झाली, म्हणून हे पत्र लिहितोय. जरा लांबेल, जागा नसेल तर कापा, पण शेवटचा भाग कापू नका ही विनंती.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून एकतीस वर्षं नोकरी केली. मोजणी, हद्दी, बांधावरची भांडणं यातच आयुष्य गेलं. इस्रायलला मी कधी गेलो नाही आणि जाणारही नाही बहुतेक, पण जमिनीचा वाद कुठलाही असला की माझं डोकं आपोआप आधी विचारतं, नोंद कोणाची आहे, कब्जा कोणाचा आहे आणि मोजणी कोणी केली. एलोन मोरेच्या खटल्याबद्दल रिटायर झाल्यावर बरंच वाचलं आणि दरवेळी हेच तीन प्रश्न समोर आले.

आधी एक गोष्ट साफ करतो, कारण आपल्याकडे यात फार घोळ होतो. आपल्या कोकणातले बेने इस्रायल, शनिवार तेली म्हणायचे ज्यांना, ते इस्रायलला गेले ते मुख्यतः दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामला अशा गावांत, आणि ही गावं १९६७ च्या युद्धाआधीच्या इस्रायलच्या हद्दीत येतात. त्यांना वसाहत म्हणत नाहीत. वसाहत म्हणजे १९६७ ला इस्रायलने जॉर्डनकडून जिंकून घेतलेल्या वेस्ट बँकमध्ये लष्करी राजवटीखाली वसवलेली गावं. ही जमीन इस्रायलने पूर्व जेरुसलेम सोडून आपल्या देशात कायद्याने सामील केलेली नाही, तिथे लष्करी कमांडर हुकूम काढतो आणि तोच कायदा. हा फरक नाही समजला तर पुढचं काहीच समजणार नाही. लोक व्हॉट्सॅपवर इस्रायल बरोबर की चूक यावर रात्र रात्र भांडतात आणि कुठल्या जमिनीबद्दल बोलतोय हेच दोघांना माहीत नसतं.

आता एलोन मोरे. नाव बायबलमधलं आहे, उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात अब्राहाम शेखेमला येतो तेव्हा ते ठिकाण येतं, आणि शेखेम म्हणजे आजचं नाब्लुस शहर. १९७४ ला गुश एमुनिम नावाची चळवळ उभी राहिली, धार्मिक लोकांची, त्यांचं म्हणणं की ही भूमी देवाने दिलेली आहे आणि तिथे जाऊन राहणं हे कर्तव्य आहे. त्यातलाच एलोन मोरे नावाचा एक गट नाब्लुसजवळ वसायला पुन्हा पुन्हा जायचा आणि लष्कर त्यांना पुन्हा पुन्हा उठवायचं. शेवटी डिसेंबर १९७५ मध्ये नाब्लुसजवळच्या सेबास्तियाच्या जुन्या तुर्की रेल्वे स्टेशनवर त्यांनी ठाण मांडलं, तेव्हा राबिन पंतप्रधान होते आणि शिमोन पेरेस संरक्षणमंत्री, आणि तडजोड अशी झाली की तीस कुटुंबांनी कदूमच्या लष्करी कॅम्पात राहायचं. तात्पुरतं म्हणून. त्यातून पुढे केदुमिम हे गाव झालं. मग मे १९७७ ला मेनाहेम बेगिन निवडून आले आणि लगेच कदूमला जाऊन म्हणाले की अशी अनेक एलोन मोरे होतील.

पुढची दोन वर्षं वेगळ्या घडामोडींत गेली, कॅम्प डेव्हिडचा करार झाला, इजिप्तशी तह झाला, आणि गुश एमुनिमचे लोक अस्वस्थ होते की आता जमीन हातची जाते की काय. मग मंत्र्यांच्या समितीने नाब्लुसजवळ वसाहतीला परवानगी दिली, उपपंतप्रधान यिगाएल यादीन यांनी त्यावर पूर्ण मंत्रिमंडळाकडे अपील केलं, ते ३ जून १९७९ ला बहुमताने फेटाळलं गेलं. ५ जूनला लष्करी कमांडरने हुकूम काढला की नाब्लुसच्या आग्नेयेला रुजैब गावच्या शिवारातली सुमारे ७०० दुनम जमीन लष्करी गरजेसाठी ताब्यात घेतली आहे. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले साधारण दहा गुंठे, म्हणजे पावणेदोनशे एकराच्या आसपास. आणि ७ जूनला सकाळी हेलिकॉप्टर आणि अवजड यंत्रं घेऊन लष्कराच्या मदतीने लोक टेकडीवर चढले. गावच्या मुख्तारला, म्हणजे आपल्याकडचा पोलीस पाटील समजा, नोटीस त्याच सकाळी मिळाली.

नोटीस आणि मशीन एकाच दिवशी. मी मोजणीची नोटीस पंधरा पंधरा दिवस आधी घेऊन गावात गेलोय, लगतधारकांच्या सह्या घेण्यासाठी चार चार हेलपाटे घातलेत, त्यामुळे ही तारीख वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो होतो.

रुजैबचे सतरा शेतकरी कोर्टात गेले. त्यांची मिळून सुमारे १२५ दुनम, म्हणजे एकतीसेक एकर, त्या ७०० मध्ये होती. आणि इथे लक्ष द्या, ही १२५ दुनम नाब्लुसच्या जमीन नोंदणीत त्यांच्या नावावर रीतसर नोंदलेली होती. बाकीच्यांच्या जमिनीबद्दल मी बोलत नाही, हे सतरा जण उभे राहू शकले कारण त्यांच्याकडे उतारा होता.

त्यांच्या वकिलांपैकी एक इलियास खुरी, जेरुसलेमचे अरब ख्रिश्चन वकील. या माणसाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांचे वडील १९७५ ला जेरुसलेमच्या झायन चौकात पॅलेस्टिनी गटाने ठेवलेल्या बॉम्बमध्ये गेले, आणि त्यानंतर चारच वर्षांनी हा माणूस पॅलेस्टिनी शेतकऱ्यांची केस इस्रायलच्या कोर्टात लढला आणि जिंकला. पुढे २००४ ला त्यांचा वीस वर्षांचा मुलगा संध्याकाळी पळायला गेला असताना पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी त्याला ज्यू समजून मारलं, आणि नंतर त्याच लोकांनी माफी मागितली. खुरींनी मुलाच्या आठवणीत एका इस्रायली लेखकाच्या आत्मचरित्राचं अरबीत भाषांतर करवून घेतलं, पदरचे पैसे घालून, म्हणजे अरब वाचकांना समोरच्याचं घर आतून दिसावं. आपल्याकडे जे दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहितात त्यांनी या एका माणसाचं आयुष्य तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

तर खटला. सरकारचं म्हणणं होतं, सुरक्षेसाठी जमीन हवी आहे. याच्या आधी मार्च १९७९ मध्ये बेत एल वसाहतीच्या केसमध्ये हेच म्हणणं कोर्टाने मान्य केलं होतं, खाजगी जमीन लष्करी गरजेसाठी ताब्यात घेऊन तिथे नागरी वसाहत केली तरी चालेल, कारण वसाहत सुद्धा सुरक्षेचा भाग आहे असं लष्कर सांगतंय आणि कोर्ट लष्करापेक्षा जास्त शहाणं नाही. त्यामुळे रुजैबच्या लोकांना फार आशा नव्हती म्हणायला हरकत नाही. पण यावेळी लष्कराच्याच माणसांमध्ये एकमत नव्हतं. सरसेनापती राफाएल एतान म्हणाले जागा अत्यावश्यक आहे, रस्त्यांचे नाके त्या टेकडीवरून राखता येतात. संरक्षणमंत्री एझर वाइझमन, जे स्वतः पूर्वी हवाई दलाचे प्रमुख होते, त्यांना हे पटत नव्हतं. आणि माजी सरसेनापती हाइम बार-लेव्ह यांनी तर शेतकऱ्यांच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिलं की या वसाहतीने सुरक्षेत काहीही भर पडत नाही, उलट युद्धाच्या वेळी तिथल्या लोकांना सांभाळण्यात सैनिक अडकून पडतील.

पण केस फिरली ती याने सुद्धा नाही. वसाहतवाल्यांपैकी दोघे स्वतःहून खटल्यात सामील झाले आणि त्यातल्या मेनाहेम फेलिक्स यांनी प्रतिज्ञापत्रात सरळ लिहून दिलं की आम्ही इथे सुरक्षेसाठी आलेलो नाही, देवाची आज्ञा आहे म्हणून आलोय, बायबलच्या गणना पुस्तकातल्या तेहेतिसाव्या अध्यायातलं वचन दिलं की ही भूमी ताब्यात घ्या आणि तिथे राहा, आणि सुरक्षेचा मुद्दा खरा असेल किंवा नसेल, आमच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नाही. आणि आमची वस्ती तात्पुरती नाही, दगान्या किंवा नेतान्या ही इस्रायलमधली गावं जितकी कायमची तितकीच ही कायमची.

मी त्यांच्या मताचा नाही, अजिबात नाही. पण कोर्टात खरं बोलले हे मान्य करायला पाहिजे. त्यांच्या सरकारचे वकील सुरक्षा सुरक्षा करत होते आणि ज्यांच्यासाठी हे चाललंय तेच म्हणाले की नाही, कारण वेगळं आहे. मोजणीला गेल्यावर कधी कधी असा एखादा म्हातारा भेटायचा, पोरगं सांगत असतं की बांध इथूनच होता आणि बाप शेजारी उभा राहून म्हणतो, नाही रे, बांध पलीकडे होता, आपणच सरकवलाय. अशा वेळी नकाशा काढायला हात थरथरतो, कारण माणूस स्वतःच्या विरोधात खरं बोलतोय.

२२ ऑक्टोबर १९७९ ला पाच न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला. मुख्य निकाल मोशे लांदाऊ यांचा, तेच ज्यांनी १९६१ ला नाझी अधिकारी आइखमनच्या खटल्यात अध्यक्षपद भूषवलं होतं. लांदाऊंनी सुरुवातीलाच लिहिलंय की हा विषय देशात इतका तापलेला आहे की लोक निकालातली कारणं वाचणार नाहीत, फक्त शेवट बघतील, आणि कोर्टाला वादात ओढल्यासारखं होईल, पण कायद्याने निकाल देणं माझं काम आहे. मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, १९०७ च्या युद्धाच्या हेग नियमांत कलम ५२ खाली खाजगी मालमत्ता घेता येते ती सैन्याच्या गरजेसाठी, आणि इथे मूळ हेतू लष्करी नव्हता, राजकीय होता, निर्णय वरून आला आणि लष्कराने नंतर होकार भरला. सरसेनापतींचं मत प्रामाणिक असेलही, तरी ते मूळ कारण नव्हतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लष्करी राजवट ही स्वभावानेच तात्पुरती असते, मग तात्पुरत्या अधिकाराखाली कायमची वस्ती कशी उभी करणार? जो स्वतः उद्या निघून जाणार आहे त्याने दुसऱ्याच्या रानात पिढ्यान्‌पिढ्यांचं घर बांधायला परवानगी देणं, हे बसत नाही. तीस दिवसांत जागा खाली करा म्हणून आदेश झाला.

हे वाचून कोणाचंही मन भरून येईल. आपलंच सरकार, आपलंच सैन्य, समोर सतरा परके शेतकरी, आणि न्यायाधीश म्हणतो जमीन त्यांची आहे. माझं पण भरून आलं होतं. आपल्या चौकटीतल्या चार ओळी इथे संपतात.

आता पुढचं.

वसाहत रुजैबहून हलली, पण मोडली नाही. १९८० च्या सुरुवातीला नाब्लुसच्या ईशान्येला जबल कबीर नावाच्या डोंगरावर तिला जागा दिली गेली, आजही ती तिथेच आहे, खाली दैर अल-हताब, अजमूत, सालिम ही गावं. तिथे लष्करी गरजेचा हुकूम लागला नाही, कारण सरकारने ती राज्याची जमीन म्हणून धरली. आणि नोव्हेंबर १९७९ मध्येच, म्हणजे निकालानंतर महिनाभराच्या आत, मंत्रिमंडळाने ठरवलं की यापुढे वसाहती राज्याच्या जमिनीवर वाढवायच्या. कोर्टाने खाजगी जमिनीचं दार बंद केलं होतं, त्यामुळे प्रश्न एवढाच उरला की राज्याची जमीन किती आणि कुठली. आणि हा प्रश्न कोर्टात नाही, मोजणीवाल्यांच्या टेबलावर सुटतो. म्हणूनच मी हे पत्र लिहितोय, ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे.

या वसाहतींना इंग्रजीत सेटलमेंट म्हणतात, पण आमच्या खात्यात सेटलमेंट शब्दाचा अर्थ वेगळा. सेटलमेंट म्हणजे जमाबंदी, गावोगाव फिरून प्रत्येक तुकडा मोजून कोणाचा काय हक्क ते कायमचं नोंदवणं, आमचे सगळ्यात मोठे साहेब पुण्याला बसतात ते जमाबंदी आयुक्त, इंग्रजीत सेटलमेंट कमिशनर. आता वेस्ट बँकमध्ये ब्रिटिशांनी आणि मग जॉर्डनने हेच काम चालवलं होतं, पण १९६७ पर्यंत साधारण एक तृतीयांश भागच झाला होता. उरलेल्या दोन तृतीयांश जमिनीवर लोक राहत होते, कसत होते, ऑलिव्ह लावत होते, कर भरत होते, पण पक्की नोंद झालेली नव्हती. आणि डिसेंबर १९६८ ला लष्करी हुकूम क्रमांक २९१ ने हे काम थांबवण्यात आलं. म्हणजे ही सेटलमेंट बंद पडली आणि ती सेटलमेंट सुरू झाली, आणि दुसरी वाढली ती पहिली बंद होती म्हणून.

मग नोंद नसलेली जमीन कोणाची हे कशावरून ठरवायचं? १८५८ चा तुर्की जमीन कायदा काढला, जो तिथे कधी रद्दच झाला नव्हता. त्यात मिरी जमीन म्हणून प्रकार आहे, मूळ मालकी सुलतानाची, पण कसणाऱ्याचा हक्क, आणि कलम ७८ प्रमाणे दहा वर्षं सलग कसली तर त्याचा हक्क पक्का होतो. उलट तीन वर्षं पडीक टाकली तर ती परत राज्याकडे जाऊ शकते. सुलतानाला हा कायदा कशासाठी हवा होता? कर मिळावा म्हणून, लोकांनी जमीन कसावी म्हणून. पडीक टाकू नका एवढाच त्याचा धाक. न्याय खात्यातल्या प्लिया आल्बेक या वकील बाईंनी वर्षानुवर्षं हवाई फोटो घेऊन, टेकड्यांवर स्वतः चालून जाऊन, कुठे नांगर लागलाय आणि कुठे नाही ते ठरवलं, आणि जिथे लागलेला दिसत नाही ती राज्याची. त्या बाई कामाच्या पक्क्या होत्या असं सगळेच लिहितात, जिथे शेती दिसली तिथे त्यांनी वसाहतीला नाही सुद्धा म्हटलंय. पण नियमच असा की खडकाळ पट्टे, शेताच्या मधले दगडांचे तुकडे, वरचं चरायचं रान, हे सगळं गावाच्या हातून गेलं.

इथे मी थांबतो, कारण आपल्या सातबाऱ्यावर एक रकाना असतो, पोटखराबा. प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. गटातला जो भाग लागवडीला येत नाही, खडक, ओढा, टेकाड, तो पोटखराबा, त्याच्यावर आकार बसत नाही किंवा कमी बसतो, पण जमीन त्या खातेदाराचीच. खडक आहे म्हणून सरकारचा झाला असं कोणी म्हटलं तर गाव कोयते घेऊन उभं राहील. डोंगरी गावांत तर अर्ध्याहून जास्त पोटखराबा असतो, माझ्या स्वतःच्या गटात चौदा गुंठे आहे. नाब्लुसच्या डोंगरात काय वेगळं असणार? पायऱ्या पायऱ्यांचं रान, मधे कातळ, कातळात एखादं ऑलिव्ह. तिथे हवाई फोटोवर पांढरं दिसलं की राज्याचं, हिरवं दिसलं की माणसाचं.

जमीन राज्याची अशी घोषणा झाली की हरकत घ्यायला ४५ दिवस. हरकत कोणापुढे, तर लष्करी अपील समितीपुढे. आणि जमीन तुझी आहे हे सिद्ध तू करायचं, राज्याने काही सिद्ध करायचं नाही. करपावत्या दाखवल्या तरी त्या मालकीची नोंद धरत नाहीत. कित्येकदा घोषणा मुख्तारला सांगितली जायची आणि ज्याचं शेत त्याला कळायचं तेव्हा मुदत होऊन गेलेली. बेत्सेलेम या इस्रायलच्याच मानवी हक्क संस्थेने २०१२ ला हिशोब मांडला की १९७९ ते २००२ मध्ये नऊ लाखांहून जास्त दुनम राज्याची म्हणून जाहीर झाली, त्याआधी जॉर्डनच्या काळातली सरकारी जमीन होती ५ लाख २७ हजार दुनम. नऊ लाख दुनम म्हणजे सव्वादोन लाख एकराच्या जवळपास. आणि रुजैबला जिंकलेली जमीन किती होती? एकतीस एकर.

मला लांदाऊंना दोष द्यायचा नाही. त्यांच्यासमोर जो प्रश्न आला त्याचं उत्तर त्यांनी सरळ दिलं. पण त्याच निकालात त्यांनी जिनिव्हाच्या चौथ्या कराराच्या कलम ४९ चा प्रश्न, म्हणजे जिंकलेल्या मुलखात स्वतःचे नागरिक वसवायला परवानगी आहे का हाच मूळ प्रश्न, बाजूला ठेवला, देशातल्या कोर्टात तो चालवता येत नाही म्हणून. जगातल्या बहुतेक देशांचं मत या कलमावरच उभं आहे, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ ला आणि मग जुलै २०२४ ला तेच म्हटलं, इस्रायल सरकार ते मानत नाही. म्हणजे एलोन मोरेच्या निकालात वसाहत चूक ठरली नाही, या सतरा जणांच्या उताऱ्यावर वसाहत चूक ठरली. दोन्ही वाक्यांत किती फरक आहे बघा. आपली चौकट वाचून मात्र वसाहतच चूक ठरली असं वाटतं.

मी हे उगाच जुनं उकरतोय असं नाही, कारण याचा पुढचा भाग अगदी अलीकडचा आहे. अमोना. ओफ्रा वसाहतीच्या वरच्या टेकडीवर १९९० च्या दशकाच्या मध्यावर उभी राहिलेली छोटी वस्ती, जास्तीत जास्त चाळीसेक कुटुंबं, सरकारची अधिकृत मंजुरी सुद्धा नाही. ती जमीन सिलवाद आणि आसपासच्या गावच्या लोकांची, खाजगी. २००६ च्या १ फेब्रुवारीला कोर्टाच्या आदेशाने तिथली नऊ पक्की घरं पाडली तेव्हा हजारो पोलीस आणि निदर्शक समोरासमोर आले आणि शेकडो जखमी झाले, त्यात खासदार पण होते. मग येश दिन या इस्रायली मानवी हक्क संस्थेच्या मदतीने जमीनमालक २००८ ला कोर्टात गेले, डिसेंबर २०१४ ला कोर्ट म्हणालं दोन वर्षांत पूर्ण वस्ती हलवा, आणि मुदत वाढवत वाढवत फेब्रुवारी २०१७ ला ती हलली. नऊ वर्षं. आपल्याकडे दिवाणी दावे नातवापर्यंत चालतात तेव्हा नऊ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तेवढी वर्षं स्वतःच्या जमिनीकडे खालच्या गावातून नुसतं बघत राहायचं होतं.

आणि अमोना हलली त्यानंतर आठवड्याभरातच, ६ फेब्रुवारीच्या रात्री, संसदेने ६० विरुद्ध ५२ मतांनी नियमितीकरणाचा कायदा पास केला. आपल्या वाचकांना गुंठेवारी नियमितीकरण माहीत आहे म्हणून तुलना करून सांगतो, पण फरक फार मोठा आहे. गुंठेवारीत जमीन मालकाने स्वतः तुकडे पाडून विकलेली असते, परवानगी तेवढी नसते. इथे जमीन दुसऱ्याचीच, त्याने विकलेली नाही, त्याला विचारलेलं नाही, आणि कायदा म्हणतो की बांधणाऱ्याने चांगल्या भावनेने किंवा सरकारच्या सांगण्यावरून बांधलं असेल तर वापराचा हक्क सरकार घेईल आणि मालकाला भाड्याच्या १२५ टक्के किंवा पर्यायी जमीन देईल, त्याची संमती असो नसो. सत्ताधारी बाजूच्या एका खासदाराने विरोधात मत दिलं, ते बेनी बेगिन, म्हणजे ज्यांनी १९७७ ला अनेक एलोन मोरे होतील म्हटलं होतं त्या मेनाहेम बेगिन यांचा मुलगा. सरकारच्या अॅटर्नी जनरलने सुद्धा या कायद्याचा बचाव करायला नकार दिला. जून २०२० ला कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला.

इथे पण न्याय झाला म्हणता येईल. पण अमोनाच्या लोकांसाठी मार्च २०१७ ला मंत्रिमंडळाने शिलो वसाहतीजवळ अमिखाई नावाची नवीनच वसाहत मंजूर केली, वीस वर्षांहून जास्त काळात सरकारने मंजूर केलेली पहिली. रुजैबहून उठले आणि जबल कबीरवर गेले, अमोनाहून उठले आणि अमिखाईला गेले. मालकाचा उतारा असला की टेकडी सुटते आणि शेजारची जाते.

वसाहतीत राहणाऱ्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही, हे लिहायला पाहिजे. अमोनातून बायका पोरांना घेऊन बाहेर पडताना रडणारी कुटुंबं मी टीव्हीवर बघितली, वीस वर्षं राहिलेलं घर कोणालाही प्रिय असतं आणि त्यातल्या लहान पोरांनी कोणाची जमीन घेतली नव्हती. वसाहतींत राहणाऱ्यांवर प्राणघातक हल्ले झालेत, लहान मुलं सुद्धा मारली गेलीत, ते कोणत्याही कारणाने बरोबर ठरत नाही. पण ज्या सरकारने त्यांना तिथे नेलं, रस्ता दिला, वीज दिली, त्या सरकारला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की उतारा दुसऱ्याचा आहे. २००५ ला सरकारनेच नेमलेल्या तालिया सासोन यांच्या अहवालात हे सगळं आलंय, मंजुरी नसलेल्या वस्त्यांना सरकारी खात्यांतूनच पैसा गेला म्हणून.

आणि आता ज्यासाठी मी संपादकांना शेवटचा भाग कापू नका म्हटलं ते. मे २०२५ मध्ये इस्रायलच्या सुरक्षा मंत्रिमंडळाने ठरवलं की वेस्ट बँकच्या सी विभागात, म्हणजे इस्रायलच्या पूर्ण ताब्यातल्या साधारण साठ टक्के भागात, १९६८ ला थांबवलेलं जमीन नोंदणीचं काम आता पुन्हा सुरू करायचं, इस्रायलच्या हाताने. आपल्या पेपरात याची बातमी मला दिसली नाही, आली असली तर आतल्या पानात दोन ओळी आली असेल आणि माझ्या नजरेतून सुटली असेल. बॉम्ब पडला की पहिलं पान, आणि मोजणी सुरू झाली की काही नाही. पण मी सांगतो, बॉम्बने जमीन जात नाही, मोजणीने जाते. जमाबंदी एकदा पूर्ण झाली की ती अंतिम, तिच्यावर पुढे फारसं काही चालत नाही, आमच्या खात्यात सुद्धा मूळ मोजणीच्या नकाशाला देवासारखं मानतात. सत्तावन्न वर्षं नोंद बंद ठेवली, तेवढ्यात एक अख्खी पिढी गेली, ज्यांना बांध माहीत होते ती माणसं गेली, कितीतरी कुटुंबं अम्मानला, कुवेतला, अमेरिकेला गेली, त्यांना गावात यायला परवानगी नाही आणि गैरहजर मालकाच्या जमिनीचे नियम वेगळे. आता टेबल मांडून विचारणार, कोणाची जमीन, पुरावा दाखवा.

मी नोकरीत असताना एका वाडीत मोजणीला गेलो होतो, एका विधवा बाईचं दीड एकर, दिराने सगळं आपल्याकडे करून घेतलेलं, तिच्याकडे एक कागद नव्हता. ती मला बांधावर घेऊन गेली आणि एकेक आंब्याचं झाड दाखवून कोणतं कोणी कोणत्या साली लावलं ते सांगत गेली, सासऱ्याने हे, नवऱ्याने ते, थोरला झाला तेव्हा हे. मला ते कुठल्याच रकान्यात लिहिता येईना. मी माझ्या शेऱ्यात जेवढं बसलं तेवढं लिहिलं, पुढे त्याचं काय झालं ते विचारायचं धाडस मला झालं नाही, बदली झाली. सालिम आणि अजमूतच्या बायका आता हेच करतील, ऑलिव्ह दाखवतील, आणि समोर टेबलावर बसलेल्या माणसाची भाषा सुद्धा वेगळी असेल.

तर विनंती दोन. एक म्हणजे त्या चौकटीची दुरुस्ती छापा, वसाहत दुसऱ्या टेकडीवर हलवली गेली आणि आजही आहे एवढं तरी. आणि दुसरी, जमीन नोंदणीचं काम तिथे कुठल्या गावात सुरू होतंय, हरकतीला किती दिवस देताहेत, नोटीस कुठल्या भाषेत लागतेय, हे जमेल तसं छापत राहा. त्यासाठी मोठा लेख नको, आतल्या पानात चार ओळी चालतील, मी शोधून वाचेन.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
निवृत्त भूकरमापक, सातारा जिल्हा